व्याजदर उतरला तेव्हा

थोरल्या भावाचा रिकामा फ्लॅट चाळीस लाखांना घ्यायचा, असं नर्स असलेल्या धाकट्या बहिणीने तीन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. पण तिच्या पगारावर मिळणारं कर्ज पाच लाखांनी कमी पडायचं. आज गृहकर्जाचे व्याजदर उतरले आणि बँकेने तिला हवी तेवढी रक्कम कबूल केली.

वॉर्डाबाहेरच्या जिन्यातूनच तिने फोन लावला. "दादा, जमलं रे एकदाचं! कर्ज पुरतंय आता!"

"वा, छान झालं! मग आपण पंचेचाळीस धरू. दर उतरल्यावर घरांचे भाव चढतातच गं."

"अरे दादा, तू चाळीसचा शब्द दिला होतास ना?"


"दिला होता ना! म्हणून तर परक्यासारखे पन्नास मागत नाहीये तुझ्याकडे."