चार पेपर बाकी

"शेवटपर्यंत सुकाणू सोडलं नाय त्यानं, गोदूबाय," प्रताप सांगत होता. "तांडेल होता ना. बाकी सगळे आले, तेवढा एक दर्यात गेला. काल मिळाला, सांजेला आग दिली."

मागच्या दारी हंडा भरणाऱ्या हंसाने नळ बंद केला. प्रताप तारापूरकडून, हंसाच्या गावाहून आला होता. गोदूबाई मटकन खाली बसली.

"पोरीला?"

"तिची आयस बोलली, पेपर होऊ द्या. मगच सांगा."

"चारच राहिलेत," गोदूबाई म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

पोर कोण, हे हंसाला विचारावं लागलं नाही. होडीचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा म्होरक्या, नामदेव. जमुनाचा बाप आणि गोदूबाईचा सख्खा भाऊ. हंसाचा बाप एकनाथ त्याच होडीवर खलाशी. दहावीच्या परीक्षेसाठी दोघी मैत्रिणी पालघरला गोदूबाईकडे उतरल्या होत्या.

आपला बाप वाचला, हा हंसाच्या मनात आलेला पहिला विचार. त्याची तिला इतकी लाज वाटली की भरलेला हंडा तिने ओतून टाकला आणि पुन्हा भरायला लावला.

जमुना तेवढ्यात दुकानातून शाईची बाटली घेऊन आली. हंसा तिच्याकडे बघून हसली. कसं जमलं, देव जाणे. एरवी ही पोरगी पेनचं टोक मोडलं तरी रडायची. आठवड्यातून दोनदा तरी जमुना तिला रडूबाई म्हणायची.

त्या दिवसापासून हंसाने जमुनाची पाठ सोडली नाही. तिची वेणी घातली, प्रमेयं वदवून घेतली, पेपरला जाताना हात धरला. गावचं कोणी रस्त्यात भेटलं की तिला दुसऱ्याच गल्लीत ओढून न्यायची. जमुनाही गुपचूप जायची. हल्ली ती कमी बोलत होती. आतड्याला आपोआप कळत असेल, असं हंसाला वाटायचं.

गोदूबाईची तर कमाल होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चक्क बोंबील तळले. भावाचं सुतक, आणि चुलीवर मासळी! पोरीला संशय येऊ नये म्हणून ही बाई केवढं पाप डोक्यावर घेतेय, या विचाराने हंसाला भरून आलं. जमुनाने ताटाला हात लावला नाही.

"खा गं," हंसा म्हणाली. "नायतर मी पण नाय खाणार."

जमुनाने गोदूबाईकडे पाहिलं. मग एक घास कसाबसा गिळला. तिला धीर यावा म्हणून हंसाने दोन बोंबील जास्तच खाल्ले.

भूमितीचा पेपर हंसाला छान गेला. शास्त्राचाही. आपण या आठवड्यात एकदम मोठ्या झालो, असं तिला वाटलं आणि थोडा अभिमानही वाटला. भीती एकच होती. आपण माहीत असून लपवलं, हे कळल्यावर जमुना पुन्हा आपलं तोंड बघेल का? पहिलीपासूनची मैत्रीण होती. तिच्यावाचून हंसाला दुसरं कोणी नव्हतं.

शेवटचा पेपर झाला. दोघी घरी जायला एसटीत बसल्या. बोईसर मागे पडलं. गाव यायच्या आत सांगायलाच हवं होतं.

"हंसा, मला तुला..." जमुनाने सुरुवात केली.

"थांब, आधी मी. रागव, मार मला, पण बोलणं टाकू नको." "प्रताप आलेला, तेव्हाच मी ऐकलं. तुजा पेपर बिघडू नये म्हणून गप राहिले. जमना, तुजा बापूस गेला गं."

जमुनाने हंसाचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले.

"माजा बापूस तापानं घरी पडलाय, हंसा," ती म्हणाली. "त्या फेरीला तांडेल तुजा बापूस होता."