हारूनसाठी गाऱ्हाणं

यतीनने स्क्रीन वर्षालीकडे वळवली. कराचीहून काही आलंय का, ते पाहायला ती सकाळपासून तिसऱ्यांदा त्याच्या सायबर कॅफेत आली होती.

तिचा नवरा शिवा गुजरातच्या बोटीवर खलाशी. हद्द ओलांडली म्हणून तिकडच्यांनी बोट पकडली, त्याला सात महिने झाले. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर टपालही थांबलं. आता खबर देणारा एकच उरला होता, ऑर्कुटवरचा ‘किनारा’. कराचीचाच माणूस. तुरुंगातल्या खलाशांची माहिती काढून कळवायचा, आणि युद्ध नको म्हणून आपल्याच सरकारला खडसावायचा.

आधी मालवणच्या पोरांनी त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. पुढे तीच पोरं त्याला वाघ म्हणू लागली.

“आपल्यातलो कोण असा बोललो असतो, तर तेच्या घरार धोंडे मारले असतास,” बाकड्यावरून नाना म्हणाले. गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं, म्हणजे गाऱ्हाणं, तेच घालत.

“ता ऱ्हवांदे. तेच्यासाठी गाऱ्हाणा घाला, नाना. तेका काय एक होवक नको,” यतीन म्हणाला.

“मग नाव-गाव होया. देव सांभाळतलो कोणाक?”

‘किनारा’चं खरं नाव फक्त वर्षालीला ठाऊक होतं. त्याने ते विश्वासाने तिला एकटीला कळवलं होतं. ती घुटमळली. पण देवापासून काय लपवायचं?

रविवारी नानांनी नारळ ठेवला. “बा देवा म्हाराजा, कराचीचो हारून सिद्दीक आपल्या सरकाराच्या विरोधात उभो रवलो, आमच्या लेकरांची खबर धाडता. तेचो राखणदार हो!”

“व्हय म्हाराजा!” देऊळ दणाणलं.

यतीनने शब्दन् शब्द ऑर्कुटवर चढवला. खाली दोनशे जणांनी जयजयकार केला.

त्यानंतर ‘किनारा’ गप्प झाला. वर्षाली रोज कॅफेत येऊन रिकामी स्क्रीन बघून जाई.

मार्चमध्ये एके दुपारी शिवा स्वतःच दारात उभा राहिला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. गाऱ्हाणं पावलं म्हणून नानांचे डोळे भरले.

गर्दी पांगल्यावर वर्षालीने विचारलं, “तुमका एकट्याकच कसो सोडल्यानी?”

“थंयच्या सायबांक मराठी वाचणारो होयो होतो. म्हणाले, कागदार काय लिवलाहा ता खरा सांग, तुका सोडतंव. बघतंय तर आपल्या देवाचा गाऱ्हाणा! तेच्यात खोटा कसा सांगतलंय? सगळा मोठ्यान वाचून दाखवलंय.” त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “कोण गो तो हारून?”