एल्डनची खोड

कार्प मासा सावलीला बिचकतो, म्हणून आमच्या नेब्रास्कातल्या ओढ्यावर सगळे गुडघ्यांवर बसूनच गळ टाकतात. एल्डनला ते जन्मात जमलं नाही. ताडासारखा उभा राहायचा आणि बायकोची, वर्नाची, बोलणी खायचा.

तो गेल्यावर पहिल्यांदाच मी तिला ओढ्यावर आणलं होतं. उन्हं कलली होती. चिखल उकरणारा एक कार्प दिसताच तिने एल्डनने बांधलेली पिसांची खोटी माशी अलगद पाण्यात टाकली.

तेवढ्यात पाण्यावर लांब सावली पडली.

"मागे सर ना रे!" ती माझ्यावर खेकसली.

"अगं, मी बसलोय."

मी वळून पाहिलं. मागे कापलेल्या मक्याचं रिकामं रान होतं.

वर्नाने वळून पाहिलं नाही. ती हळूच म्हणाली, "एल्डन, किती वेळा सांगायचं? खाली बस."

सावली खाली बसली.