लळिंगपर्यंत रेंज

पितांबरने मोबाईल बाजेवर ठेवला आणि म्हणाला, "माय, हाई संगे लई जाय."

झुंबरबाई उंबऱ्यात बसून चपलेचा तुटलेला अंगठा शिवत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे अमळनेरची मंडळी सप्तशृंगीच्या गडाला पायी निघणार होती. तिने मान वर करून त्या काळ्या, ठेंगण्या वस्तूकडे पाहिलं आणि दाभण पुन्हा चपलेत खुपसलं.

"घर संगेच लेवानं, तं मंग निंघानं कसाले?"

पितांबरचं धुळ्याला मोटारपंपांचं दुकान होतं. मोबाईल त्याने नुकताच घेतला होता आणि आईसाठी आठवडाभर त्याच्याविना राहायची त्याची तयारी होती. त्याने बापाकडे पाहिलं. भाईदासच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. बोलणं परत आलं, हात-पाय काही आले नाहीत. तेव्हापासून झुंबरबाईने गडाचं नाव काढलं नव्हतं. यंदा भाईदासनेच तिच्यामागे टुमणं लावलं होतं, जाऊन ये म्हणून.

"आबा, तुम्हीच सांगा तिले. तुमले काही व्हयनं, तं तिले सांगानं कसं?"

भाईदासचं लक्षच नव्हतं. तो बायकोच्या हाताकडे बघत होता.

नोकरीभर तो एस.टी.त कंडक्टर होता. दर चैत्रात गडाकडे निघालेली माणसं त्याने गाडीच्या खिडकीतून पाहिली होती. एका वर्षी आर्वीजवळ त्या माणसांत झुंबरबाई दिसली. त्याने घंटी मारून गाडी थांबवली. चल, मालेगावला सोडतो, म्हणाला. ती नुसती हसली, हातानेच त्याला जा म्हणाली आणि चालू लागली. अंगभर धूळ, ओठ फुटलेले, आणि चेहरा असा की तो त्याने घरात कधी पाहिलाच नव्हता. मागून हॉर्न वाजायला लागले, गाडी सुटली. त्या चेहऱ्याबद्दल त्याने तिला पुढे कधी विचारलं नाही. कामाच्या धबडग्यात ते राहूनच गेलं. आता बाजेवर पडल्या पडल्या त्याला तोच चेहरा आठवायचा.

"पितांबरनी माय," तो म्हणाला, "तू तठे काय करस?"

"कोठे?"

"रस्तामा."

"चालस."

"आनि?"

"आनि चालस." तिने दोरा दातांनी तोडला. मग जरा विचार करून म्हणाली, "सांगासारखं काही ऱ्हास नही."

भाईदासने डाव्या हाताने मोबाईल उचलला. उलटापालटा करून पाहिला, कानाला लावून पाहिला.

"कोठपर्यंत चालस हाई?"

"लळिंगपर्यंत," पितांबर म्हणाला. "घाट वलांडा, की रेंज नही."

"मंग काय उपेग?" झुंबरबाई म्हणाली. "दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मुकं व्हई जाई."

"उपेग शे," भाईदास म्हणाला. "मनी खबर घेवाकरता नको लई जाऊ. मी काही फोन करनार नही. लळिंगना घाटमा तूच लाव. माले आयकानं शे."

"काय आयकानं शे?"

"ते माले काय माहीत?"

पितांबर हसला. झुंबरबाई हसली नाही. ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग उठली, हात पदराला पुसले आणि मोबाईलसाठी एक हात पुढे केला. पितांबरने तिला बटणं दाखवली. हिरवं दाबलं की लागतं, लाल दाबलं की तुटतं. तिने ती दोनदा दाबून पाहिली आणि मोबाईल दशम्यांच्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला.

ती गेली. सुनेने घरातला फोन स्टुलावर ठेवून बाजेशी आणला. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी कुणी खताच्या दुकानाचा नंबर समजून फोन केला, त्याच्यावर भाईदास उगाच खेकसला. तिसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर फोन वाजला.

"मी बोलस," झुंबरबाई म्हणाली. ती ओरडतच होती. "घाटना खाले उभी शे. तुमनी तब्येत…"

"तब्येत ऱ्हाऊ दे."

तिचा आवाज एकदम खाली आला.

"मंग आयका. मी आते बोलनार नही."

आधी एक ट्रक गेला. त्याची घरघर लांबपर्यंत ऐकू येत राहिली. ती विरली तेव्हा पाय ऐकू आले. खडीवर घासणाऱ्या चपला, मध्येच काठीचा ठोका, कुणाच्या तरी बांगड्या. एका बाईने देवीचं गाणं धरलं आणि दुसऱ्या ओळीला सोडून दिलं, दम पुरला नसावा. कुणी हसलं. मग बोलणं कमी होत होत थांबलं आणि नुसते श्वास राहिले. त्यातला एक अगदी जवळचा होता. तो झुंबरबाईचा आहे हे भाईदासला आधी कळलंच नाही. इतकी वर्षं त्या श्वासाशेजारी झोपला होता, पण हा वेगळा होता. लांब आत जायचा, थांबायचा, सुटायचा आणि त्या सुटण्यावर पाऊल पडायचं.

त्याने डोळे मिटले. डाव्या हातात फोन होता. उजवा, लुळा हात बाजेच्या कडेवर पडला होता.

फोनमध्ये खरखर सुरू झाली. पावलं तुटायची, पुन्हा जुळायची. भाईदासने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

शेजारचा भिकन दुधाची बरणी घेऊन आत आला. फोन पाहून त्याने बरणी खाली ठेवली.

"काय म्हनी ऱ्हायनी वहिनी? पोचनी का?"

भाईदासने डोळे उघडले. त्याच्या कपाळावर घाम होता, छाती वरखाली होत होती. फोन त्याने छातीशी दाबला, आवाज तिकडे जाऊ नये म्हणून.

"थांब, भिकन," तो धापा टाकत म्हणाला. "आते चढ लागना."