पिवळी रेघ

ट्रकचा एक्सल बाहेर आला आणि मिस्त्रीने तो दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवला. काळं तेल ठिबकत होतं. जुन्या बनियनचा बोळा त्याच्यावरून फिरला तशी तेलाखालून एक पिवळी रेघ वर आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ड्रायव्हरची बायको डबा घेऊन आली होती. ट्रकच्या सावलीत उभ्या उभ्या तिने ती रेघ पाहिली आणि डब्याची कडी घट्ट धरली. रेघ कोणाच्या हातची, हे तिला कोणी सांगायला नको होतं. थोरलीच्या. तिच्याआधी त्या घरात नांदून गेलेलीच्या.

"बेअरिंग बसतं तिथं झिजलाय," मिस्त्री ड्रायव्हरला म्हणाला. "पण वेल्डिंगने भरून, लेथवर घासून देतो. अजून चार वर्षं ओझं वाहील. फक्त पिळलेला नको. पिळलेला असला तर मलमपट्टीत अर्थ नाही, भर चढावर मोडेल. रेघ बघ म्हणजे कळेल. बसवताना सरळ ओढली होती. एक्सलला पीळ पडला की तीही वेलासारखी वळते."

"तूच सांग की."

"मी नाही बाबा. बदल म्हटलं तर म्हणशील, मिस्त्रीला नवा खपवायचाय."

ड्रायव्हरने सदऱ्याचा खिसा चाचपला. "चष्मा घरी राहिला बघ." समोरचा रस्ता त्याला मैलभर दिसायचा, हातातलं मात्र चाळिशीनंतर धुकं झालं होतं. तो बायकोकडे वळला. "तू बघ गं. सरळ की वाकडी, एवढंच सांग. तू म्हणशील तसं करू."

थोरली पाट्या रंगवायची. या आवारातल्या निम्म्या ट्रकांचे नंबर तिचे. हात असा की पट्टीने लाजावं. तापाने गेली त्याला पाच वर्षं झाली, धाकटी घरात आली त्याला तीन. आली तेव्हा फळीवरच्या डब्यांवर थोरलीची अक्षरं होती. मीठ. साखर. डाळ. एकही वेलांटी चुकलेली नाही. जित्या सवतीशी दोन हात करता येतात. गेलेलीशी काय भांडणार? ती ना कधी भाकरी करपवते, ना कधी म्हातारी होते.

धाकटीने डबे घासले. महिनाभर, एकेक करून, बोटं सोलेपर्यंत. डबे कोरे झाले तेव्हा तो चकार शब्द बोलला नाही. एकदा साखर समजून चहात मीठ घातलं आणि तोंड वाकडं न करता पिऊन टाकला, तेवढंच.

घरातल्या सगळ्या रेघा पुसल्या असं तिला वाटलं होतं. आणि ही इथे होती. चाकांच्या मधोमध, पोलादावर, अंधारात. तो ज्या ज्या गावाला गेला, तिथे तिथे त्याच्याबरोबर गेलेली. आपण उंबऱ्यात वाट बघत बसायचं आणि हिने फेरीफेरीला सोबत करायची.

ती एक्सलवर वाकली.

रेघ सरळ होती. ओळंबा सोडावा तशी सरळ. पाच वर्षांची ओझी, खड्डे, चढ, आणि केसभर ढळलेली नव्हती.

स्वयंपाकघराचं छप्पर गळत होतं. पत्रे यंदा घालायचे ठरले होते. एक्सल नवा घ्यायचा म्हणजे पत्रे गेले पुढच्या साली, आणि भांडी पुन्हा गळतीखाली. तिला सगळं कळत होतं. पोटातली आग मात्र हिशेब ऐकत नव्हती.

"वाकडी आहे," ती म्हणाली.

मिस्त्रीने मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, एक्सलकडे पाहिलं, मग बोळ्याने हात पुसत बसला. पुसून झाले तरी पुसत बसला.

ड्रायव्हरने थकल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा एक्सलवर तळहात ठेवला. जरा वेळाने उचलला.

"बदल," तो मिस्त्रीला म्हणाला. "हा भंगारात टाक."

नवा एक्सल समोरच्याच दुकानातून आला. तोवर दोघं पायरीवर बसून जेवली. तो पोटभर जेवला. तिने मोडलेला घास तसाच डब्यात ठेवला. जिंकल्यावर भूक लागते म्हणतात. तिला भंगाराच्या ढिगाकडे बघवत नव्हतं.

मिस्त्रीने पिवळ्या रंगाची डबी उघडली आणि ब्रश ड्रायव्हरपुढे धरला. ड्रायव्हरने तो घेतला आणि बायकोच्या हातात दिला.

"ओढ."

"मी? अहो, माझा हात तसा नाही."

"आहे तसा चालेल."

ती उकिडवी बसली. श्वास धरून तिने ब्रश टेकवला. हातभर बरं गेलं. मग रेघ एका अंगाला कलली. सावरायला गेली तर दुसऱ्या अंगाला. शेवटाला रंगाचा एक थेंब ओघळला.

"वहिनी, हा तर जन्मतःच पिळलेला निघाला," मिस्त्री हसला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पुसायला बोळा उचलला. ड्रायव्हरने तिचं मनगट धरलं आणि बोळा काढून घेतला.

मग त्याने पँटच्या खिशात हात घातला आणि चष्मा काढला. दोऱ्याने बांधलेली काडी कानामागे अडकवली. गुडघ्यावर हात टेकून खाली वाकला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जराही घाई न करता, त्याने तिची रेघ पाहिली.

"सरळ आहे," तो म्हणाला.