परवा धुतलेले केस

"परवाच धुतलेत ना? मग हे काय?"

मुलाने आईच्या कपाळावरची बट दोन बोटांत धरली, लगेच सोडली आणि बोटं रुमालाला पुसली. केस धुवायला घरी येणाऱ्या केसवालीने कंगवा उचलला. केस टाळूला असे चिकटले होते, जणू कोणी लोण्याचा गोळा फिरवलाय.

"दादा, आजींचे केस पातळ. रेशमासारखे. जाड केस तेल पिऊन बसतात, हे लगेच चोपडे होतात."

"हे मी सहा महिने ऐकतोय, ताई."

आजी तीन वर्षं पलंगावर होत्या. झटका आला त्यात बोलणं गेलं, हातपाय गेले. राहिले ते डोळे आणि केस. हात म्हणजे लाकडाचा ओंडका. मावशी, म्हणजे आजींना सांभाळायला ठेवलेली बाई, सकाळी तो सरळ करून उशीशेजारी ठेवायची. उशाला छोटं टेबल. त्यावर औषधं, पाण्याचा पेला आणि मालिशच्या तेलाची दाबायची बाटली. तेल बिनवासाचं, डॉक्टरांनी सांगितलेलं.

केसवाली आधी आठवड्यातून एकदा यायची. मग दोनदा. आता दिवसाआड. हवा भरलेलं रबरी टोपलं ती आजींच्या मानेखाली सरकवायची, कोमट पाण्याचा मग हळूच ओतायची आणि बोटांच्या पेरांनी टाळू चोळायची. नखं नाहीत. शाम्पू फक्त मुळांना, तोही दोनदा. केस मऊ करायची क्रीम लावायची तर टोकांना, वाटाण्याएवढी. शेवटचं पाणी गार. उशीचा अभ्रा रोज बदलायचा, कंगवा रोज धुवायचा, केसांना उगाच हात लावायचा नाही, हे तिने मावशीला दहादा बजावलं होतं.

"मी कशाला हात लावू?" मावशी फणकारायची. "मला काय दुसरे उद्योग नाहीत?"

हात चालायचा तशी केसवालीची जीभ चालायची. केस कापायच्या तिच्या दुकानातही तीच रीत होती. गोष्ट रंगात आणायची आणि पंचा गुंडाळताना मध्येच तोडायची. "उरलेलं पुढच्या वेळी." गिऱ्हाईक बरोबर परत येतं. आजी कुठे जाणार होत्या? पण सवय जात नाही.

सध्या तिच्या आत्याची गोष्ट चालू होती. आत्याचा नवरा मीठ आणतो म्हणून घराबाहेर पडला, तो अकरा वर्षं आलाच नाही. "आणि आजी, बाराव्या वर्षी आला! हातात मिठाची पुडी. म्हणतो कसा, दुकानात गर्दी होती."

आजींचा चेहरा हलायचा नाही. डोळे मात्र तिच्यावरच. केसवालीला बरं वाटायचं. घरी तिचं बोलणं कोणी पुरतं ऐकून घेत नसे.

मध्ये एकदाच केस स्वच्छ राहिले होते. तिचा घसा बसला होता, दोन आठवडे तोंडातून आवाज फुटेना. मुकाट्याने धुऊन जायची. तेव्हा केस चार चार दिवस भुरभुरीत राहिले. मुलगासुद्धा खूश झाला. तिला वाटलं, नवा शाम्पू लागू पडला. घसा सुटला, आत्या परत सुरू झाली, आणि केस पुन्हा पहिल्यासारखे. शाम्पू तोच.

मग मुलाची नजर मावशीकडे वळली.

"तेलाची बाटली दहा दिवसांत संपते. मावशी, तुम्ही पाय चोळता की घर सारवता?"

"माझ्या डोक्यावरून हात फिरवून बघा साहेब. कोरडं ठाक आहे. तुमच्या तेलाला मी बोट लावत नाही, पायाला लावते तेवढंच."

"मग बाटली काय स्वतः पिते?"

मावशी रडली. मुलगाही जरा वरमला. माणूस वाईट नव्हता, थकला होता. पण आज आईच्या टाळूवर लाल पुळ्या दिसल्या आणि त्याने ठरवून टाकलं.

"ताई, मशीन आणलंय ना? सगळे केस काढून टाका. मग मावशी ओल्या फडक्याने पुसतील. तुम्हाला दिवसाआडचा हेलपाटा नको."

"एकच आठवडा द्या दादा. मक्याचं पीठ भुरभुरून बघते, ते तेल शोषतं."

"आता नाही."

फोन आला म्हणून तो बाहेर गेला. मावशी कचऱ्याची पिशवी आणायला गेली.

केसवालीने आजींच्या गळ्याभोवती पंचा बांधला. केस शेवटचे विंचरले. विंचरताना कंगव्यावर तेलाचा ओघळ आला. सहा महिन्यांत हे डोकं तिच्या हातांना पाठ झालं होतं. कानामागचा खळगा, जुन्या खोकेची खूण. तिचे डोळे भरून आले.

"माफ करा आजी. मी हरले. तुमच्या केसांपुढे माझी विद्या चालली नाही."

आजी तिच्याकडे बघत होत्या.

"आता मी यायची नाही. आत्याची गोष्टही राहिली. नवऱ्याने मिठाची पुडी घेऊन कडी वाजवली, आणि आतून दार उघडलं ते..." ती थांबली. नाक ओढलं. "जाऊ दे. आता कशाला?"

तिने मशीन चालू केलं आणि कपाळाजवळ नेलं.

कोणीतरी तिचं मनगट पकडलं. पकड घट्ट होती, तरी निसटत होती, कारण आजींची पाचही बोटं तेलाने माखलेली होती.