निरोगी गटातलं मूल

"भूषण," डॉक्टरांनी हाक मारली. मग टाळी वाजवली. मग पुन्हा हाक.

पावणेदोन वर्षांचा बुद्धभूषण आईच्या मांडीवर बसून तिच्या ओढणीचं टोक चघळत राहिला.

"कान उत्तम आहेत," डॉक्टर करंदीकर म्हणाले. "आवाज ऐकू येतोय त्याला. तो आपल्यासाठी आहे, एवढंच कळत नाही."

स्नेहलने ओढणी सोडवून घेतली. "बोलेल ना हो पण? आमच्याकडे मुलगे उशिराच बोलतात, असं सासूबाई म्हणतात."

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट टेबलापलीकडे सरकवला, तोही तिच्याकडे नाही, चांदवडकर मॅडमकडे.

गोदाकाठची जुनी धर्मशाळा २००३च्या कुंभमेळ्याच्या आत दुरुस्त करायचं काम मॅडमकडे होतं. तिच्या लाकडी छतावरच्या चित्रांच्या रंगात शिसं होतं. ते शिसं कामगारांच्या मुलांच्या मेंदूचं काय करतं, याचा अभ्यास मॅडम आणि डॉक्टर मिळून करत होते. रंग कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये तपासला जाई, मुलं करंदीकर तपासत. मजुरांची मुलं एका गटात. तुलनेला निरोगी मुलं हवी होती, तेव्हा मॅडम चित्रं साफ करणाऱ्या स्नेहलला म्हणाल्या होत्या, "तुझा घाल गं त्यात. शिकलेल्या आईचं मूल आहे." चार दिवस स्नेहल ते सगळ्यांना सांगत होती.

"मशीनचंच काहीतरी चुकलंय," रिपोर्ट बघून मॅडम म्हणाल्या.

"पुन्हा लावून पाहिलं. मजुरांच्या एकाही पोराच्या रक्तात एवढं शिसं नाही." डॉक्टर स्नेहलकडे वळले. "राहता कुठे?"

"उपनगरला. बुद्धविहाराजवळ."

"घरात बॅटऱ्या वितळवणं, भंगार, असलं काही?"

"मिस्टर तहसील कचेरीत क्लार्क आहेत."

"त्यांच्या वस्तीत काही ना काही असतंच हो," मॅडम म्हणाल्या. "काढून टाका याला गटातून. सगळा आलेख बिघडवेल."

एरवी स्नेहल ‘त्यांच्या’पाशी अडली असती. आज तिला तेवढी उसंत नव्हती.

"मी मास्क लावते, डॉक्टर. घरी गेल्यावर आधी आंघोळ, मगच याला जवळ घेते. कपडेसुद्धा वेगळे भिजवते."

"चित्रं साफ कशी करता? दाखवा बरं."

लॅबच्या टेबलावर रंगाचे नमुने घ्यायच्या ट्रेमध्ये कापूस होता, बांबूच्या काड्या होत्या. स्नेहलने काडीला कापूस गुंडाळला. तोंडावर मास्क नव्हता, तरी तो खाली ओढायला सवयीने हात हनुवटीपाशी जाऊन आला. कापूस तोंडात घालून तिने ओला केला आणि टेबलावर हलक्या हाताने गोल गोल फिरवला. तो बोटांनी सोडवून टाकला. दुसरा कापूस बोटांनी पिळून गुंडाळला.

"मॅडमनीच शिकवलंय. पाण्याने रंग फुगतो, थुंकीने नुसता मळ निघतो. वापरलेला कापूस पुन्हा तोंडात घालायचा नाही, दर वेळी नवा घ्यायचा."

"कापूस नवा," डॉक्टर म्हणाले. "आणि बोटं?"

स्नेहलचा हात ओठांपाशीच थांबला.

"हा पोटात होता तेव्हाही?"

"नववा लागेपर्यंत. गणपतीचा शेंदरी पट्टा तेव्हाच तर पूर्ण केला." मग ती आणखी हळू म्हणाली, "पेपरात फोटो आला होता."

"जगभर असंच साफ करतात," मॅडमचा आवाज चढला. "मी उभा जन्म हेच करतेय. मला काय झालं?"

"तुम्हाला मूल कुठंय!"

स्नेहलच्या तोंडून ते निघून गेलं. परत घ्यावंसं तिला वाटलं नाही.

डॉक्टरांनी पेन उचललं. "मूल राहिलंच नाही, मॅडम, की टिकलं नाही?" त्यांनी अगदी मायेने विचारलं.

मॅडमनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या. शेवटी त्यांनी दोन बोटं टेबलावर टेकवली. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

"याला औषध काय द्यायचं?" स्नेहलने विचारलं.

"आणखी वाढू नये एवढं बघता येईल. गेलं ते भरून येत नाही." डॉक्टर अजून लिहीतच होते. "अंगावर पाजता अजून?"

"झोपताना. आणि रडला की."

"आजपासून बंद. पण त्याआधी दुधाचा नमुना द्या आम्हाला. काय शोधायला निघालो होतो आणि काय हाती लागलंय! मोठं काम होणार आहे हे." त्यांनी भूषणच्या गालाला हळूच चिमटा काढला.

भूषण किरकिरू लागला. त्याची भुकेची वेळ झाली होती. लॅबमध्ये झाडलोट करणाऱ्या कुसाबाईला डॉक्टरांनी हाक मारली. बाहेर बसलेल्या कुसाबाईच्या कानावर यातलं काहीच गेलं नव्हतं. तिने पोराला कडेवर घेतलं, स्नेहलला पडद्यामागे नेलं आणि तिच्या हातात काचेची बाटली दिली.

स्नेहल दूध काढू लागली. ते पाहून भूषण रडायचा थांबला. त्याने दोन्ही हात पुढे केले, ओठ चोखल्यासारखे हलवले. बाटलीत नमुन्यापुरतं कधीच झालं होतं. स्नेहल थांबली नाही. कळ यायला लागली तरी पिळत राहिली.

"ताई, समदं नका काढू ना," कुसाबाई म्हणाली. "लय भुकेजलंय ते. लेकराला राहू द्या थोडं."